घसारा

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, काउंटरसमोर पेन्शनरांची रांग होती, आणि एका आजोबांना फॉर्म देण्यासाठी मी खुर्चीवरून उठलो. मी उठलो, पण माझी पँट उठली नाही. निदान सगळी उठली नाही. 'टर्रर्र' असा आवाज झाला, आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या, कानाचं यंत्र घरी विसरून आलेल्या गृहस्थांनीसुद्धा मान वर केली.

त्या खुर्चीतून एक खिळा दोन वर्षं डोकं वर काढून बसला होता. त्याच्याबद्दल मी तीन अर्ज केले होते. अर्ज वर गेले, खिळाही वरच राहिला.

उरलेला दिवस मी भिंतीला पाठ लावून काढला. रजिस्टर आणायला कपाटापर्यंत जायचं तर खेकड्यासारखं आडवं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा काम झाल्यावर मी साहेबांना पाठ न दाखवता मागे मागे चालत बाहेर आलो. जुन्या दरबारात म्हणे अशीच पद्धत होती. साहेब इतके खूश झाले, की दोन मिनिटांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी पँट दिव्यासमोर धरली. दिवा व्यवस्थित दिसला. "टाकून द्या," ती म्हणाली. "ऑनलाइन मागवली तर परवा नवी येईल."

"बोहारणीला दिली तर एखादी वाटी तरी मिळेल," मी म्हणालो.

"आपल्या सोसायटीत बोहारणीला वॉचमन सोडत नाही. आणि या पँटवर ती वाटी नाही, फार तर चमचा देईल."

तुम्ही म्हणाल, एका पँटसाठी एवढं काय? पण मी कॉमर्सचा पदवीधर आहे, आणि कॉमर्समध्ये आम्हांला घसारा शिकवला आहे. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत कमी होते. ती दरवर्षी किती कमी धरायची, त्याला घसारा म्हणतात. हा शब्द ज्यानं बनवला तो नक्कीच खुर्चीवर बसून नोकरी करणारा असावा. घसाऱ्याच्या दोन पद्धती आम्ही घोकल्या होत्या : स्थिर हप्ता पद्धत आणि ऱ्हासमान शेष पद्धत. पहिल्या पद्धतीनं हिशेब केला. पँट अठराशे रुपयांची, आयुष्य तीन वर्षं, दोन वर्षं झालेली. म्हणजे पुस्तकी किंमत सहाशे रुपये शिल्लक! खात्यात सहाशे रुपये असताना खातं बंद कोण करतं? मी सुई शोधायला लागलो.

आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन मोबाइल, एक लॅपटॉप, टी.व्ही. आणि मोबाइलचे सात चार्जर सापडले, पण सुई सापडली नाही. लहानपणी डिंगोऱ्याच्या घरात सुईची जागा ठरलेली होती. कॅलेंडरच्या वरच्या पट्टीत, काळा दोरा ओवलेली, आणि शेजारी पांढरा दोरा ओवलेली दुसरी. दुर्योधनानं सुईच्या टोकावर मावेल एवढीसुद्धा जमीन द्यायला नकार दिला होता. त्याच्या घरी निदान सुई होती.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार होता. पिशवीत पँट घातली आणि गावाकडची एस.टी. धरली.

डिंगोरे हे आमचं गाव. जुन्नर तालुक्यात, ओतूर मागे टाकून माळशेज घाटाच्या रस्त्याला लागलं की लागतं. पावसाळ्यात पुण्याची मंडळी धबधबे बघायला घाटात जातात ती याच रस्त्यानं. ती गावात थांबत नाहीत. गाडी पंक्चर झाली तर थांबतात, आणि मग म्हणतात, काय सुंदर गाव आहे!

या गावात माझी आजी होती. तिचं आणि घसाऱ्याचं कधी पटलं नाही.

आजी नऊवारी नेसायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. बसून बसून त्याचा मधला भाग विरतो. काठ आणि टोकं शाबूत राहतात. (हा नियम कारकुनांनाही लागू आहे.) मग आजी मधला विरलेला भाग काढून टाकायची आणि उरलेले तुकडे जोडून पुन्हा अखंड लुगडं करायची. या जोडाला दंड म्हणतात. आमच्या बँकेतही दंड असतो. कर्जाचा हप्ता थकला की तो पडतो, आणि आधीच विरलेला माणूस आणखी विरतो. आजीनं दंड घातला की लुगडं आणखी दोन वर्षं चालायचं.

ते पुन्हा विरलं की त्यातल्या मऊ भागाची झबली आणि दुपटी व्हायची. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते. ते मऊ करायला आधी एका बाईनं दहा वर्षं राबावं लागतं. मूल मोठं झालं की झबली, दुपटी, आजोबांचं धोतर, उरलेलं लुगडं हे सगळं एकावर एक अंथरून, चारी बाजूंनी धावदोरा घालत घालत त्याची गोधडी व्हायची. गोधडी फाटली की ती नव्या गोधडीच्या पोटात जायची. तिथूनही निघाली की चुलीपाशी फडकं, मग पाय पुसणं, आणि शेवटी शेणानं जमीन सारवायचं पोतेरं. पोतेऱ्याचे धागे सुटून त्या सारवणातच मिसळून जायचे. म्हणजे ज्या लुगड्यात आजी या घरात आली, त्याच्यावरून आम्ही रांगलो.

हे सगळं आजीनं शोधून काढलं, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे कळलं की या युक्तीला दोन हजार वर्षांहून जुनी परंपरा आहे, आणि तीही आमच्या तालुक्याच्या ओळखीची.

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या लेण्याद्रीला आपण अष्टविनायकासाठी जातो. तिथला गिरिजात्मज बसला आहे तेही भिक्षूंचं लेणंच. या भिक्षूंचं वस्त्र म्हणजे चीवर. ते अखंड कापडाचं नसे, तुकडे जोडून शिवलेलं असे. टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून चीवर शिवणारेही भिक्षू होते. मगधातली शेतं दाखवून, या बांधांसारखं चीवर शिवता येईल का, असं बुद्धांनी आनंदाला विचारलं आणि आनंदानं तसं शिवून दाखवलं, अशी पाली विनयपिटकात कथा आहे. आमच्या मढच्या पुढची भातखाचरं वरून बघितली की तो नकाशा लगेच कळतो.

याच आनंदाची आणखी एक गोष्ट तिथं आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली. एवढ्या कपड्यांचं हा संन्यासी करणार काय? दुकान घालणार की काय? आमच्याकडे एकदम मोठी रक्कम भरली की आम्ही चौकशी करतो, तशी त्यानं चौकशी केली. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना ही वाटू. मग त्या जुन्या चीवरांचं काय? त्यांची पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. त्या जुन्या झाल्या की? पायपुसणी. जुनी पायपुसणी? धूळ झटकायची फडकी. आणि फडक्यांचं? ती कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा इतका खूश झाला, की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

माझी आजी कौशांबीला कधी गेली नव्हती. तिची धाव ओतूरच्या बाजारापर्यंत. पण राजानं तिलाही हेच प्रश्न विचारले असते, तर तिनं हीच उत्तरं दिली असती. एवढंच, की तिला पाचशे वस्त्रं कोणी दिली नाहीत. तिला वर्षाला दोन लुगडी मिळायची.

एवढा जुना हा व्यवहार, पण इतिहासात त्याची नोंद सापडत नाही. आमच्या डोक्यावरच्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिकेचा लेख कोरलेला आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती हत्ती-घोडे दिले, किती कार्षापण दिले, सगळा हिशेब दगडात. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी मोगलांच्या ताब्यातलं जुन्नर लुटलं. तेव्हा तीन लाख होन, दोनशे घोडे, शिवाय भारी कापडचोपड आणि जडजवाहीर मिळालं, असं इतिहासकार सांगतात. म्हणजे भारी कापडाची नोंद होते. ठिगळाची होत नाही.

गंमत अशी, की ज्या कागदावर ही नोंद झाली नाही, तो कागदच चिंध्यांचा होता! जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. पेशवाईतल्या दफ्तरात जुन्नरी कागदाला मान होता. दख्खनमधला हातकागद जुन्या चिंध्या, गोणपाट, दोर असल्या टाकाऊ मालापासून व्हायचा. तो भिजवायचा, कुजवायचा, कुटायचा, त्याचा लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा आणि वाळवून घोटायचा. कोणाचं तरी धोतर, कोणाचं तरी लुगडं असं कागद होऊन कारकुनासमोर येई, आणि तो त्यावर सरदारांच्या शालूशेल्यांचा हिशेब लिही.

आम्हां बँकवाल्यांनाही यातून सुटका नाही. ज्याला आपण नोटेचा कागद म्हणतो, तो शंभर टक्के कापसाचा असतो. म्हणजे मी दिवसभर कापडच मोजतो. त्या कापडाला मात्र फाटण्याचे नियम आहेत. पन्नासची किंवा त्याहून मोठी नोट फाटली, आणि सर्वांत मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल, तर पूर्ण पैसे; चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर निम्मे; चाळीसच्या खाली काही नाही. माझी पँट या नियमानं पूर्ण पैशांना पात्र होती. पण तिच्यावर गव्हर्नरांची सही नव्हती.

सरकारनं ठिगळाची एकदाच दखल घेतली, तीही साता समुद्रापलीकडे. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत १९४१ साली कपड्यांवर रेशन आलं, आणि १९४३ साली तिथल्या सरकारनं 'आहे त्यात भागवा आणि शिवून वापरा' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच काढलं. त्याच वर्षी आपल्याकडे कापडा-सुतावर सरकारी नियंत्रण आलं. आजी तेव्हा नुकती लग्न होऊन डिंगोऱ्याला आली होती. तिला पुस्तक कोणी दिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं काही अडलंही नाही.

आजीची साखळी युद्धानं तुटली नाही, दुष्काळानं तुटली नाही. ती तोडली टेरिकॉटनं. टेरिकॉटचा सदरा विरत नाही, इस्त्री लागत नाही, धुतला की तासात वाळतो. गावात त्याचं केवढं कौतुक! पण त्यातला अर्धाअधिक धागा कारखान्यातला. तो घाम पीत नाही, म्हणून त्याचं झबलं होत नाही. पाणी पीत नाही, म्हणून पोतेरं होत नाही. चुलीपाशी नेला तर वितळून चिकटतो. आजीनं एकदा आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टेरिकॉटच्या सदऱ्याचं पोतेरं करून पाहिलं. शेण एकीकडे, पाणी दुसरीकडे. "ह्यो मेल्यावर बी कामाला यायचा न्हाई," असा शेरा मारून तिनं तो सदरा शेतात बुजगावण्याला घातला. बुजगावणं गेलं, सदरा अजून असेल.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हा सगळा इतिहास काढला, ती सांगून टाकतो.

पाचवीत असताना माझी खाकी चड्डी मागून फाटली. नवी जूनमध्येच मिळणार होती आणि महिना होता डिसेंबर. आईनं दोन ठिगळं लावली. खाकी कापड घरात नव्हतं, म्हणून निळी लावली. गोल, नेटकी, एकसारखी. फार सुबक काम होतं, हे आज कळतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्याकडे गेलो आणि मागून कोणीतरी ओरडलं, "याचा चष्मा बघा रे!" नंतर गुरुजींनी सतराचा पाढा विचारला. मला येत होता. पण पाढा म्हणायला उभं राहायचं होतं. मी बसूनच "येत नाही" म्हणालो.

घरी येऊन दप्तर फेकलं आणि आईला म्हणालो, "यापेक्षा फाटकीच बरी होती. तुला काही येत नाही."

आई काही बोलली नाही. सकाळी उठलो तर चड्डी घडी करून उशाशी ठेवलेली. निळी ठिगळं गेली होती, त्या जागी खाकी ठिगळं आतून इतकी बेमालूम लावली होती की शोधावी लागावीत. खाकी कापड रात्रीत कुठून आलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. शाळेत पोचल्यावर पेन्सिल काढायला खिशात हात घातला, तेव्हा कळलं. आमच्या शिंप्यानं खिसे चड्डीच्याच कापडाचे केले होते. आईनं ते कापून मागे लावले होते, आणि खिशांच्या जागी आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवला होता. मऊ, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला.

आम्ही बँकेत याला 'वर्ग करणे' म्हणतो. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, हिशेब मात्र जुळतो. फरक इतकाच, की आम्ही खाली सही करतो.

त्या वर्षभर थंडीत खिशात हात घातला की बोटांना आजीचं लुगडं लागायचं. पण आईला मी 'चुकलो' म्हणालो नाही. पाचवीतल्या मुलाला ते जमत नाही. पुढे ते कारकुनाला जमलं नाही.

त्या शनिवारी आईनं पँट मांडीवर घेतली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण सुईचं नेढं तिला दिसत नाही. तिनं फाटलेल्या कडांवरून बोटं फिरवली.

"कशाला आडकली रं?"

"खुर्चीच्या खिळ्याला."

"बँकेत बी खिळे असतात व्हय?" तिला वाईट वाटलं. तिनं बँकेबद्दल बरंच ऐकलं होतं. "लांबी कमी केली आसंल ना? त्ये कापड कुठंय?"

दुकानदारानं ते पिशवीत घालून दिलं होतं आणि मी पिशवीसकट टाकलं होतं. हे ऐकून ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की ऑडिटर परवडला.

"दे सोडून. खालची दुमड उसव. धा बोटं कापड निघंल. पर सुई तू धर."

"मी?"

"का? आण्णा दाभण धरून कांद्याच्या गोण्या शिवायचं, ते बापयच होतं ना?"

हे खरं होतं. गोणीचं तोंड दाभणानं आणि सुतळीनं शिवण्यात गावातल्या एकाही पुरुषाला कमीपणा वाटत नाही. कमीपणा दाभण बारीक झालं की सुरू होतो. मी सुईत दोरा ओवला. सातव्या प्रयत्नात गेला. ठिगळ आतून लावायचं, उभ्या धाग्याला उभा धागा जुळवायचा, नाहीतर धुतल्यावर ते आवळतं. फाटलेल्या कडेच्या बाहेर चांगल्या कापडात टाका घ्यायचा, कारण विरलेलं कापड टाका धरत नाही. ती सांगत होती, मी घालत होतो. टाके माळशेजच्या वळणांसारखे पडले. तिनं बोटांनी चाचपून तीन वेळा उसवायला लावले. चौथ्यांदा म्हणाली, "चालंल. तू कुठं मागून चालतोस!"

मग मी, पँटकडेच बघत, म्हणालो, "आई, ती चष्म्याची चड्डी आठवते का गं? मी काहीतरी बोललो होतो."

"कुठली?" ती म्हणाली. "हां, ती. ती तर तुझ्या अंगावर हाय."

रात्री गारठा होता, म्हणून मी खांद्यावरून गोधडी घेतली होती. कोपऱ्याशी चाचपलं. निळ्या फुलांच्या दुपट्याच्या आणि आण्णांच्या धोतराच्या मध्ये एक हातभर खाकी तुकडा होता. माझ्या बोलण्यासकट तिनं तो केव्हाच शिवून टाकला होता. खातं बंद केलं नव्हतं. आम्ही वहीचं पान संपलं की खाली लिहितो तसं, शिल्लक पुढे नेली होती.

सोमवारी तीच पँट घालून बँकेत गेलो. अर्धा इंच आखूड झाली आहे, पण त्यामुळे मोजे दिसतात, आणि सगळे मोज्यांकडेच बघतात. खुर्चीपाशी गेलो तर खिळा आपल्या जागी हजर. चौथा अर्ज करायला कागद ओढला आणि थांबलो. दुमडीतून निघालेल्या कापडाची एक पट्टी उरली होती, ती आईनं टाकू दिली नव्हती. पेपरवेटनं खिळा ठोकून आत बसवला, पट्टीची चौघडी करून त्यावर ठेवली आणि चारी बाजूंनी टाके घातले. सुई आता मी ड्रॉवरमध्ये ठेवतो, काळा दोरा ओवलेली.

साहेब परवा तिथून जाताना थांबले आणि म्हणाले, "खुर्ची दुरुस्त झाली वाटतं. चला, अर्ज केले की कामं होतात."